लाखेनं भरलेलं नाव

मिस्त्रींचा दगड आधीपासून तयार होता, हीच त्या घराची अडचण होती.

बाकीच्या घरांत माणूस आधी जातो आणि दगडाचा विचार मागाहून होतो. मिस्त्रींनी पंचावन्नाव्या वर्षीच आपला दगड स्वतःच्या हातानं कोरून ठेवला. निमित्त झालं एका गिऱ्हाइकाचं. त्यानं सासऱ्याच्या कबरेसाठी काळा ग्रॅनाइट पसंत केला, माप दिलं, आणि सासरा बरा झाला. जावई दोन दिवस तोंड पाडून हिंडला, दगड न्यायला मात्र आला नाही. एवढा चांगला दगड वाया कशाला घालवायचा, असं म्हणून मिस्त्रींनी त्यावर स्वतःचं नाव घातलं. जन्मभर लोकांची नावं नीट कोरायची आणि आपल्या नावाची पोरांनी वाट लावायची, हे त्यांना नको होतं. नाव, जन्मसाल, एक रेघ, रेघेपुढं कोरी जागा. खाली बायकोचं नाव, जन्मसाल, रेघ, कोरी जागा. त्याखाली तिन्ही मुलांची नावं, वयाच्या क्रमानं. मग कारखान्याच्या मागच्या बाजूला तो दगड भिंतीकडं तोंड करून उभा केला. तेवीस वर्षं तो तिथंच उभा होता. त्या घरात त्यात वावगं काही नव्हतं. तिथली माणसंही बहुधा अशीच उभी असत.

मिस्त्रींना जाऊन सहा महिने झाले. कबरेची माती बसली की दगड बसवतात. घाई केली तर तो कलतो आणि मग मेलेला माणूस कायमचा कुणाकडं तरी कान देऊन असल्यासारखा दिसतो. माती बसली होती. रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर दगड उभा करायचा ठरलं होतं, म्हणून शनिवारी दुपारी दोघा भावांनी साखळीची पुली लावून तो फिरवला.

फिरवल्यावर तीन नावांच्या जागी दोन दिसली. थोरल्याचं आणि धाकट्याचं. मधे चार बोटं गुळगुळीत जागा. उन्हाचा कवडसा तिरपा पडला तेव्हा त्या जागेत मधल्या बहिणीचं नाव बुडालेल्या माणसासारखं अंधुक दिसलं.

"आहे की मी," मधली म्हणाली. ती सकाळच्या बसनं आली होती आणि अजून खांद्यावरची पिशवी तिनं खाली ठेवली नव्हती.

दगडात खाडाखोड होत नाही. नाव काढायचंच तर अख्खा दगड घासून खाली घ्यावा लागतो आणि सगळं पुन्हा कोरावं लागतं. तेवढा दम नसेल तर खाचा भरून टाकतात. पक्कं भरायचं असेल तर रेझिनमध्ये दगडाची पूड कालवून, कच्चं भरायचं असेल तर लाख वितळवून. सावलीत लाख जन्मभर राहते. बाहेर उन्हापावसात ती दोन-तीन वर्षांत तडकते आणि एक दिवस जखमेची खपली निघावी तशी निघून येते. आत अक्षर जसंच्या तसं. 'लाख म्हणजे खोटं बोलणं, उन्हात निघतं,' हे मिस्त्रींनी दोन्ही मुलांना छिन्नी धरायला शिकवण्याच्या आधी शिकवलं होतं.

आणि मधलीचं नाव मिस्त्रींनी लाखेनं भरलं होतं.

त्यांनी ते का भरलं असेल, हे गावात कुणीही सांगितलं असतं आणि घरात कुणी बोलत नव्हतं. त्यांच्या मंडळीत रविवारी उपासनेच्या शेवटी खुली प्रार्थना असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहावं आणि मोठ्यानं देवाशी बोलावं. तिचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, म्हणून ते कुणी मोडत नाही. आजाऱ्याचं नाव घ्यायचं. परीक्षेला बसलेल्या मुलाचं घ्यायचं. देवळाला पंखे देणाऱ्याचं दोनदा घ्यायचं. पाप्याचं घ्यायचं नाही. त्याच्यासाठी 'आमचा एक बंधू' म्हणायचं, की सगळी मंडळी मिटलेल्या डोळ्यांनी बरोबर त्याच्याकडं बघते.

एकोणीस वर्षांपूर्वी मधली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि छातीच्या वॉर्डात तिची ड्यूटी होती. त्या वॉर्डात घरच्या कारखान्यातला पॉलिशवाला दीड महिना पडून होता आणि मग गेला. दगड घासताना पाणी सोडतात, म्हणजे धूळ खाली बसते. पाण्याचा पंप बिघडला होता. आठ महिने पॉलिश कोरडंच चाललं. तो माणूस रोज संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन घरी जायचा. कारखान्यात त्याला 'पावडर' म्हणत आणि तोही हसायचा. शेवटी हसला की खोकायचा. पुढच्या रविवारी मधली खुल्या प्रार्थनेत उभी राहिली. तिनं पावडरचं खरं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. हा माणूस धुळीनं मेला म्हणाली. आणि प्रभू, ज्याच्यामुळं मेला त्याला क्षमा कर, असं म्हणून तिनं स्वतःच्या वडलांचं नाव घेतलं. तेही पूर्ण.

आमेन कुणी म्हटलं नाही. नंतर पाळकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं की नाव न घेता केली तर ती प्रार्थना, नाव घेतलं की तक्रार. देव जाणता आहे, त्याला नाव सांगावं लागत नाही. मग आजाऱ्यांचं का सांगता, असं तिनं विचारलं. पाळकांना नेमकं त्याच वेळी दुसऱ्या एका घरी जायचं होतं.

त्या घरात रोज संध्याकाळी सात वाजता प्रार्थना होते. गीतांच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घरातल्यांची नावं आहेत. मिस्त्री एकेक वाचायचे आणि प्रत्येक नावाला सगळे मिळून म्हणायचे, "प्रभू, सांभाळ." त्या रविवारपासून मिस्त्री थोरल्याच्या नावावरून सरळ धाकट्याच्या नावावर जाऊ लागले. पुढं यादीत थोरली सून आली, नातू आला, नात आली. सात नावं वाचली जायची. आईचे मात्र 'सांभाळ' आठ व्हायचे. एक ती मधेच, थोरल्या-धाकट्याच्या फटीत, ओठांतल्या ओठांत म्हणून घ्यायची. मिस्त्रींना ते ऐकू जात होतं की नाही, हे कधी कळलं नाही. हातोडीच्या आवाजानं दगडाच्या कामात माणसाचे कान लवकर जातात. घरात ही गोष्ट फार सोयीची होती.

*

तर आता दगड फिरला होता आणि त्याच्यासमोर चौघं उभी होती. पाचवी, म्हणजे आई, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. सुनेनं चहा आणला. चहाचे कप दगडावर ठेवायचे नाहीत ही कारखान्याची शिस्त, म्हणून सगळे कप हातात धरून भांडले.

थोरल्याचं म्हणणं असं की हा दगड राहू द्यावा आणि नवा करावा. साधा, आईबाबांची नावं फक्त, मुलांची कुणाचीच नाही. आता कुणी घालत नाही. तो मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी होता आणि भांडण मिटवायचं म्हणजे विषयच काढून टाकायचा, ही पद्धत तिथं त्याच्या अंगवळणी पडली होती. शिवाय आता मशिन आहे, म्हणाला.

मशिन धाकटा चालवायचा. हातानं कोरणं त्याला जमलं नाही, म्हणून मिस्त्री त्याला 'टायपिस्ट' म्हणत. "मशिनवर तासाभरात करून देतो," तो म्हणाला. "पण बाबा तिसऱ्या दिवशी उठून येतील. चमत्कारानं नाही, रागानं."

सून हसली आणि थोरल्यानं बघितल्यावर थांबली.

आईला नवा दगड नको होता. त्यांच्या हातचा हाच हवा होता, आणि त्यात लाख का, हे तिला विचारायचं होतं. तिनं ते विचारलं, दगडाकडं बघून. थोरला म्हणाला, त्या दिवशी रेझिन संपलं असेल.

धाकट्यानं कप सुनेच्या हातात दिला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्या दुपारी कारखान्यात तोच एकटा होता. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती. टायपिस्टला कोण विचारतो.

"रेझिनचा डबा फळीवर होता," तो म्हणाला. "भरलेला. मी खाली काढला पण. बाबा म्हणाले, स्टोव्ह पेटव. मी म्हटलं, बाबा, लाख टिकणार नाही बाहेर. ते म्हणाले, तुला विचारलं का?"

मागं पाण्याचा पंप वाजत होता. नवा पंप. एकोणीस वर्षांपूर्वी आणलेला, पावडरला पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी.

आई खुर्चीतून उठली. दगडापाशी गेली आणि त्या गुळगुळीत जागेवर तळवा ठेवून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. "बघ," ती मधलीला म्हणाली. "त्यांना माहीत होतं, निघेल. निघायलाच हवं होतं त्यांना."

मधलीनं पिशवी अखेर खाली ठेवली. ती बेचाळीस वर्षांची होती, दुसऱ्या गावच्या इस्पितळात वॉर्ड सांभाळत होती, आणि बरी झालेली माणसं आणि बरं झाल्याचं सोंग करणारी माणसं तिला लांबून ओळखता यायची.

"म्हणजे माफी मागायचं कामसुद्धा त्यांनी उन्हापावसावर सोडलं," ती म्हणाली. "तेही स्वतः खाली झोपल्यावर. माझं तोंड बघायला नको."

"त्यांचा स्वभाव तुला माहितीये."

"मला माहितीये, आई. म्हणून तर म्हणते."

आणि मग तिनं विचारलं की पावडरचा दगड कुठाय. बसमधून उतरून ती आधी कबरस्तानात जाऊन आली होती. पलीकडच्या भिंतीलगत, जिथं पाण्याचा नळ आहे, तिथं मातीत एक पत्र्याची पट्टी आहे, त्यावर नंबर, आणि नंबरवर गंज. चौदा वर्षं त्या माणसानं या गावातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं चकचकीत केली, ती म्हणाली, आणि नाव कोरणाऱ्यांच्या घराला त्याचं एक नाव कोरायचं सुचलं नाही. उद्या कबरेपाशी प्रत्येक मुलाला प्रार्थना करायची आहे. ती त्याचं नाव घेणार होती.

थोरल्याचा कप त्याच्या हातात निवला होता. त्यानं तो तसाच पिऊन टाकला.

*

थोरल्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ती त्यानंही कुणाला सांगितलेली नव्हती. पंप दुरुस्तीला नेऊन टाकायचं काम त्याचं होतं. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नवं लग्न झालेलं, आणि पंप अवजड. दर सोमवारी मिस्त्री विचारायचे आणि तो म्हणायचा, उद्या. पुढं मिस्त्रींनी विचारणं सोडलं आणि त्यानं उद्या म्हणणंही सोडलं. आठ महिने. मग देवळात बहिणीनं नाव घेतलं ते बापाचं. मिस्त्रींनी बाकावर बसल्या बसल्या एकदाच थोरल्याकडं बघितलं, आणि घरी येऊन स्टोव्ह पेटवायला सांगितला.

बापानं आपलं नाव कुठं येऊ दिलं नाही, याबद्दल थोरल्याला आधी कृतज्ञता वाटली. पण बोलून न दाखवलेली कृतज्ञता फार दिवस टिकत नाही, ती नासते. एकोणीस वर्षांत तिचा बहिणीबद्दलचा राग झाला होता. तो रागच आता त्याच्या तोंडून अगदी शांत, सेक्रेटरीच्या आवाजात बाहेर पडला.

"हे बघ," तो म्हणाला, "आत्ता, या छिन्नीनं, मी स्वतः ती लाख काढतो. सगळी. उद्या तुझं नाव दगडावर दिसेल. उद्या संध्याकाळी सातला मी तुझं नाव वाचीन. सगळ्यांसमोर, तुझ्या जागेवर, माझ्या मागोमाग. पण उद्या कबरेपाशी तू कुणाचं नाव घ्यायचं नाहीस. एक बंधू म्हण. नाहीतर गप्प राहा."

"आणि घेतलं तर?"

"तर रेझिन आहे."

धाकटा म्हणाला, दादा, हा देवाण-घेवाणीचा विषय आहे का. थोरला म्हणाला, तू मशिन बघ. त्यावर धाकट्यानं सुनेकडं बघितलं आणि सुनेनं कप गोळा केले. त्या घरात बायका भांडण संपवायच्या नाहीत, कप गोळा करायच्या.

मधली मागच्या दारानं परसात गेली. आई तिच्या मागून गेली.

परसात कपडे वाळत होते. दाराजवळच्या पायरीशी लादीवर एक चौकोनी डाग होता, गंजाचा. आईनं तो घासून घासून पाहिला होता, निघाला नव्हता. तिथंच बिघडलेला पंप गोणपाटात गुंडाळून ठेवला होता, आठ महिने. आई त्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घालायची. उंचीला बरा पडायचा. डागाकडं मधलीचं लक्ष गेलं नाही. आई त्यावर पाय ठेवून उभी राहिली.

ती मधलीला फार काही म्हणाली नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, म्हणाली. उजव्या कानानं काम बंद केलंय, डाव्याचं काही खरं नाही. "मला सात वाजता तुझं नाव मोठ्यानं वाचलेलं ऐकायचंय. एकदा. एकोणीस वर्षं चोरून म्हणतेय मी, चोरून घेतलेल्या नावाला देव काय उत्तर देणार?"

"देव जाणता आहे ना," मधली म्हणाली. "पाळकसाहेब म्हणतात."

"तो जाणता असेल. मी आई आहे, मला ऐकावं लागतं."

मधलीनं दोरीवरची चादर सरळ केली. तिला कबूल व्हायचं नव्हतं. इतक्या वर्षांत ती एकदाही रडत परत आली नव्हती, एकदाही कागद पाठवून माफी मागितली नव्हती, आणि आता एका नावासाठी दुसरं नाव गिळायचं होतं. पण समोर जी बाई उभी होती, तिचा हात साडीच्या पदराशी चाळा करत होता आणि तो चाळा तिला इस्पितळातून माहीत होता. फार दिवस उरलेले नसले की हात असा चालतो.

"तुझ्यासाठी गप्प बसते," ती म्हणाली. "त्याच्यासाठी कोण बोलणार, ते तू बघ."

आत थोरल्यानं छिन्नी घेतली होती. बारीक ठोके येऊ लागले. लाख सहज निघत होती.

*

रविवारी दगड सरळ उभा राहिला. ओळंबा लावून धाकट्यानं दोनदा तपासला. मधलं नाव आता बाकीच्या दोन्ही नावांपेक्षा जास्त ठळक दिसत होतं. एकोणीस वर्षं झाकलेलं असल्यानं आत धूळ गेली नव्हती. मंडळीतली चाळीसेक माणसं उभी होती आणि त्यातली निम्मी मिस्त्रींच्या दगडापेक्षा त्या एका ओळीकडंच बघत होती.

पाळक देव माणसाला कसा नावानं हाक मारतो त्यावर बोलले. कुणी आपल्याला विसरलं तरी त्याच्या पुस्तकात नाव आहे, ते खोडलं जात नाही, म्हणाले. आपल्या या बंधूनं जन्मभर हेच काम केलं, नावं टिकवली. बोलणं चांगलं झालं. थोरल्यानं मान हलवली.

मग मुलांची प्रार्थना. थोरल्यानं सविस्तर केली. त्यात बाबांचे कष्ट आले, शिस्त आली, मंडळीची सेवा आली, बांधकाम समितीसुद्धा आली. धाकटा म्हणाला, "प्रभू, बाबांना तिथं हातानं करायचं काम दे. नाहीतर सगळ्यांना त्रास होईल. आमेन." दोघंतिघं हसली आणि खोकली. मग मधलीची पाळी आली.

ती हात बांधून, डोळे उघडे ठेवून उभी राहिली. पलीकडच्या भिंतीकडं तिची नजर होती, नळाकडं. लोक वाट बघत राहिले. कुणीतरी नाक शिंकरलं. ती काही बोलली नाही. एक बंधू म्हणाली नाही, आमेन म्हणाली नाही. ठरलं होतं तसं ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्याचा चाळीस माणसांना इतका त्रास झाला की पाळकांनी समारोपासाठी पुस्तक उघडलं.

"मला म्हणायचंय," आई म्हणाली.

विधवेनं प्रार्थना करायची पद्धत नव्हती. तिनं आमेन म्हणायचं असतं. पण पाळकांना नाही कसं म्हणायचं ते सुचेना. थोरला निश्चिंत होता. आईला उभ्या जन्मात आमेनच्या पुढं प्रार्थना येत नव्हती, असं त्याला वाटत होतं.

आईनं डोळे मिटले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी ती बोलली, म्हणजे फार मोठ्यानं.

तिनं आधी पावडरचं नाव घेतलं. खरं, पूर्ण, बापाच्या नावासकट. तो तिकडं नळापाशी आहे प्रभू, म्हणाली, तुला नंबरावरून सापडला नसेल तर सांगते. आमच्याकडं तो धुळीनं मेला. मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. यांना क्षमा कर, यांना माहीत होतं. आणि मग तिनं थोरल्याचं नाव घेतलं.

"यालाही क्षमा कर. पंप यानं न्यायचा होता. माझ्या दारात पडून होता आठ महिने. मी रोज बघत होते. मी त्याच्यावर फडकी वाळत घातली." आणि मग, जणू देवाच्या पुस्तकात चूक राहू नये म्हणून, तिनं स्वतःचंही नाव घेतलं. लग्नाआधीचं, नंतरचं, दोन्ही. "मलापण. येशूच्या नावानं मागते."

आमेन कुणी म्हटलं नाही. लोकांनी नुसते पाय हलवले. मधलीच्या ओठांवर तो शब्द आला होता, पण गप्प राहायचं तिनं कबूल केलं होतं आणि ती शब्दाची पक्की होती. बापावर गेली होती. धाकटा मात्र दगडाच्या मागं ओळंबा गुंडाळत होता. तिथून तो म्हणाला, "आमेन," पण इतकं हळू की फक्त दगडाला ऐकू गेलं असेल.

थोरला आईकडं बघत होता. आईचं आधीच त्याच्याकडं लक्ष होतं.

*

संध्याकाळी सात वाजता सगळे बसले. मधलीची बस साडेआठची होती. कुणी जेवलं नव्हतं. दिवसभर घरात कामाचं तेवढंच बोलणं झालं होतं. दुपारी सून एकदा आईपाशी जाऊन, आई, हे काय केलंत, एवढं म्हणाली होती आणि मग तिथंच तिच्या पायांशी बसून राहिली होती, उठवेना म्हणून की उठायचं नव्हतं म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

थोरल्यानं गीतांचं पुस्तक घेतलं. मिस्त्रींची खुर्ची आता त्याची होती. चष्माही त्यानं मिस्त्रींचाच लावला. नंबर जुळत नव्हता, पण यादी पाठ होती. पहिलं नाव मिस्त्रींचं, त्याच्यावर सहा महिन्यांपूर्वीच बारीक रेघ मारलेली. दुसरं आईचं. गेले सहा महिने वाचन तिथून सुरू व्हायचं.

आई डावा कान पुढं करून बसली होती.

थोरल्यानं घसा साफ केला आणि स्वतःचं नाव वाचलं.

"प्रभू, सांभाळ," सगळे म्हणाले. सवयीनं म्हणाले, आणि मग एकेकाच्या लक्षात आलं. धाकट्यानं मान वर केली. सुनेनं मुलांकडं बघितलं. मुलं आजीकडं बघत होती.

मग थोरल्यानं मधलीचं नाव वाचलं. स्पष्ट, मोठ्यानं, तिच्या जागेवर, आपल्या मागोमाग. तोही शब्दाचा पक्का होता. एकोणीस वर्षांनी ते नाव त्या खोलीत कुणीतरी उघड म्हटलं, आणि आईला ते ऐकू आलं, नीट ऐकू आलं, कारण तिचा चेहरा हलला. "सांभाळ," ती म्हणाली. तिला बाकीचं कळलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून सांगता येईना. तिनं हात जोडलेले होते आणि पदराशी चाललेला चाळा थांबला होता.

मग धाकट्याचं नाव. मग सुनेचं. नातवाचं, नातीचं. सहा.

थोरल्यानं पानावर बोट ठेवून थोडा वेळ बघितलं, जणू आणखी काही लिहिलंय का ते तपासत होता. काही नव्हतं.

तेव्हा मधली बोलली. ओठांतल्या ओठांत नाही, फटीत नाही. तिनं आईचं नाव घेतलं, लग्नाआधीचं आणि नंतरचं, आणि वॉर्डात शेवटच्या खाटेपर्यंत जावा असा आवाज काढून म्हणाली, "प्रभू, सांभाळ." धाकट्याचा आवाज अर्ध्यात येऊन मिळाला.

खोलीतल्या कपाटाच्या काचा वाजल्या, एवढं ते मोठ्यानं होतं.

थोरल्यानं पुस्तक मिटलं, चष्मा काढून त्यावर ठेवला, आणि आमेन झालं का, असं बायकोला विचारलं. दगडाच्या कामात माणसाचे कान लवकर जातात.